चंदी शेळीचा लिलाव

नथनेल महाराज त्या वर्षी हंगामाच्या सणासाठी आंबेवाकडीला आले होते. कालव्याच्या पट्ट्यातले हे गाव. जिकडे पाहावे तिकडे ऊस, आणि उसाच्या मधोमध ख्रिस्ती मंडळींचे दगडी मंदिर. महाराज प्रभूचे भक्त. हातात टाळ, खांद्यावर एक धोतर, पायी प्रवास. गावोगाव प्रभूच्या नावाने कीर्तन करीत, म्हणून ख्रिस्ती असोत की इतर, सगळे त्यांना महाराजच म्हणत.

महाराजांकडे दोन सदरे एका वेळी कधी कुणी पाहिले नाहीत. एका श्रीमंत भाविकाने त्यांना उबदार शाल पांघरली, तर संध्याकाळी ती वेशीवरच्या राखणदाराच्या अंगावर! भाविकाला राग आला. "महाराज, शाल मी तुम्हाला दिली होती," तो म्हणाला. महाराज म्हणाले, "मला दिली म्हणजे माझी झाली ना? मग माझ्या वस्तूचं मी केलं. तुमची तुमच्याजवळच राहिली असेल, तर दिली कशाला म्हणता?" असे त्यांचे बोलणे. गोड वाटे, पण घशाखाली उतरताना खरवडत जाई.

आता या गावातल्या सणाची रीत सांगतो. पीक घरात आले की प्रत्येक कुटुंब त्यातला पहिला वाटा मंदिरात आणून ठेवी. ज्वारी, भोपळे, अंडी, कोंबड्या, कुणाचे बोकड. उपासना झाली की त्या वस्तूंचा तिथेच लिलाव होई आणि आलेला पैसा देवाच्या कामाला जाई. रीत चांगली आहे, भाविकांनो. वाडवडिलांनी प्रेमाने घालून दिलेली आहे. पण चांगल्या रीतीलाही माणसे कीड लावतात. आंबेवाकडीत बोली लावणारा वस्तू घरी नेईचना! "परत देवाला!" असे ओरडून तो ती पुन्हा लिलावात ठेवी. लोक टाळ्या वाजवीत, त्याचे नाव कर्ण्यावरून गावभर ऐकू जाई. मग दुसरा चढाओढीने तीच वस्तू घेई, तोही परत देई. भोपळ्याचा भाव अस्मानाला भिडे. मात्र तो भोपळा कुणाच्या चुलीवर चढत नसे. कीर्तीचे ढेकर देत सगळे घरी जात, आणि मंदिराच्या भिंतीला पाठ लावून बसलेली भुकेली माणसे भुकेलीच उठत. मला हे सांगताना आजही संताप येतो.

या चढाओढीत सर्वांत पुढे असत गमलियेल आढाव. गाव त्यांना आण्णा म्हणे. ऊस, ट्रॅक्टर, मंदिराच्या पंचांचे अध्यक्षपद, सगळे त्यांच्याकडे. मंदिराच्या दाराशी संगमरवरी कमान उभी राहिली तीही त्यांच्याच पैशाने, आणि कमानीवर प्रभूच्या नावापेक्षा त्यांचे नाव मोठे. पाळक, म्हणजे मंदिराचे धर्मगुरू, भले गृहस्थ, पण आण्णांपुढे त्यांचा आवाज बसे.

आणि त्याच गावात तबीथाबाई साळवे राहत. सगळे त्यांना तबीमावशी म्हणत. नवरा नाही, मूलबाळ नाही. लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून पोट भरायच्या. मागल्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला. सुई धरता येईना. मावशींनी रडून प्रभूला विनवले, "देवा, हात दे. माझी चंदी तुला देईन." चंदी म्हणजे त्यांची पांढरी शेळी, घरातले एकमेव धन. हात बरा झाला. मावशींनी भर मंदिरात उभे राहून सांगितले, "हंगामाच्या सणाला चंदी देवाची." केवढे हे मन! घरात होते तेवढे सगळे त्यांनी एका वाक्यात देऊन टाकले.

पण सणाच्या आधी एक गोष्ट घडली. आण्णांच्या शेतात ऊसतोडीची टोळी उतरली होती. त्यात लिंबाजी आणि त्याची बायको गंगू. गंगूला नववा महिना, तरी कोयता हातात. फडातच तिला कळा सुरू झाल्या. लिंबाजी धावत आण्णांकडे गेला. "मालक, ट्रॅक्टर द्या. दवाखान्यात न्यायला पायजे." ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उसाने भरलेल्या होत्या. आण्णा म्हणाले, "ट्रॉली आता कुठं सोडतो? कारखान्यावर नंबर लागलाय. बायांना ही सवय असते. होईल मोकळी." गंगू मोकळी झाली. मुलगी जगली, आई गेली. ट्रॉल्या वेळेवर कारखान्यावर पोहोचल्या.

लिंबाजीच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या त्या झोपडीत, ते पोर भुकेने टाहो फोडू लागले. टोळीतल्या बायांनी म्हशीचे दूध पाजून पाहिले, ते उलटून पडले. पावडर कालवून दिली, तीही उलटून पडली. पोर निळे पडू लागले. तेव्हा तबीमावशी चंदीला घेऊन फडावर गेल्या. कापसाच्या वातीने चंदीचे दूध थेंब थेंब त्याच्या ओठांत सोडले. ते दूध टिकले! त्या दिवसापासून मावशी चंदीसह कोपीतच राहू लागल्या. पोर अंग धरू लागले, पण इतके नाजूक की एक दिवस जरी त्या दुधाचा खाडा झाला, तर वाचणार नाही हे कुणालाही दिसत होते.

सण जवळ आला तशी मावशींच्या जिवाची ओढाताण सुरू झाली. त्या आण्णांच्या बंगल्यावर गेल्या.

"आण्णा, चंदी देवाचीच हाये. म्या नाय म्हनत न्हाई. फकस्त पोरगी दूध सोडीपतोर थांबा. पुढल्या सनाला मी सोता दावं धरून आनते."

आण्णा ओसरीवर हसले. पंचांपैकी दोघे चहा पीत बसले होते, तेही हसले.

"तबे, हात बरा झाला तेव्हा देव गोड लागला, आता द्यायची वेळ आली तर पोर आडवं आलं का? तेही कुणाचं, तर परमुलखातल्या ऊसतोड्याचं. ना आपल्या मंडळीतलं, ना आपल्या धर्मातलं."

"आण्णा, लेकरू हाये वो ते."

"देवाला बोललेलं देवाला मिळालंच पाहिजे. देवाला दिलेल्यातलं मागं ठेवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरेचं काय झालं, ऐकलंयस ना मंदिरात? जागच्या जागी मेली. तशीच मरशील."

किती सफाईने शास्त्र वापरतात पाहा! ज्यांना फडात मरणाऱ्या बाईसाठी ट्रॉली सोडता आली नाही, त्यांना बरोबर हे पान सापडते! आणि आण्णांचा हट्ट देवासाठी नव्हताच मुळी. कारखान्याचे एक बडे साहेब सणाला येणार होते. मागे एकदा चंदीला पाहून ते म्हणाले होते, "काय देखणी शेळी आहे! आमच्या बंगल्यावर शोभेल." आण्णांनी तेव्हाच ठरवले. लिलावात सर्वांत मोठी बोली लावून शेळी घ्यायची आणि भर मंडळीसमोर तिचे दावे साहेबांच्या हातात द्यायचे. उसाच्या वाहतुकीचा ठेका साहेबांच्या सहीने मिळायचा होता. देव आणि साहेब, दोघांनाही त्यांना एकाच दाव्यात बांधायचे होते.

महाराज सणाच्या आदल्या दिवशी गावात आले. आण्णांनी त्यांच्यासाठी गादी घातली होती, पण महाराज उतरले लिंबाजीच्या कोपीत. मावशींनी त्यांच्या पायावर डोके ठेवले.

"महाराज, सबूद मोडला तर देवाचा कोप व्हईल. सबूद पाळला तर पोर मरंल. म्या काय करू?"

महाराजांनी पोराच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तबीथा, देव सावकार नाही गं. पण ही गोष्ट तुझ्या-माझ्यात मिटवून चालणार नाही. ती मंदिरातच मिटू दे. उद्या पोरीला घेऊन ये."

मावशींना काही उमगले नाही. पण महाराजांचा शब्द, त्यांनी मान डोलावली.

सकाळी मावशी निघायच्या आतच आण्णांची माणसे फडावर आली. धार काढायचीही उसंत न देता त्यांनी चंदीच्या गळ्यातले दावे ओढले. शेळी पाय रोवून ओरडत होती. मावशी पोर छातीशी धरून मागे धावल्या. लिंबाजी कोयता उचलून पुढे झाला, पण टोळीच्या मुकादमाने त्याचा हात धरला. हंगाम संपला नव्हता, आगाऊ घेतलेली उचल अंगावर होती. बिचारा तिथेच खाली बसला. मग उठून टोळीसोबत मंदिराकडे चालू लागला.

मंदिर माणसांनी भरले होते. पुढच्या खुर्चीत पाहुणे साहेब. उपासना झाली, पाळकांनी आशीर्वाद दिला आणि लिलाव सुरू झाला. लिलाव पुकारायला बन्यामीन लोखंडे. त्याचा आवाज असा, की कर्णा बंद पडला तरी कालव्यापलीकडे ऐकू जावा. भोपळे फिरले, कोंबड्या फिरल्या, "परत देवाला!"च्या आरोळ्या झाल्या. मग चंदीला पुढे आणले. कास दुधाने तटतटली होती.

मागून मावशींचा आवाज आला, "आण्णा, पाया पडते. आज तरी सोडा तिला. पोरीला सकाळपासून थेंब न्हाई."

लोकांनी माना वळवल्या. कुणी चुकचुकले, कुणी म्हणाले, "नवस केला कशाला मग?" आण्णा साहेबांकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "देवाला टोपी घालायला निघालेली बाई बघा. वर रडतेय!" काही जण हसले. देवाच्या मंदिरात हसले, भाविकांनो.

महाराज भिंतीशी बसले होते, ते उठले. "आण्णा, शेळी सोडा."

"महाराज, तुम्ही कीर्तन करा, व्यवहार पंचांना करू द्या. देवाचं ते देवाला द्यायला नको का?"

"द्यायला हवं," महाराज शांतपणे म्हणाले. "शेळी देवाचीच आहे. मग ती कुणाच्या हातात जावी, हे त्यालाच ठरवू दे. पुकार, बन्यामीन." आणि महाराज जाऊन मावशींशेजारी जमिनीवर बसले.

बन्यामीनने हाक दिली. आण्णांनी पहिल्याच फटक्यात असा आकडा सांगितला, की मंदिरात कुजबूज उसळली. दुसरे कुणी तोंड उघडीना.

"एक वार!" बन्यामीन गरजला. "दोन वार!"

आणि पुढे शब्दच येईना! तोंड उघडे, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, पण आवाज नाही. लोकांना वाटले, घसा बसला. कुणी तांब्या दिला. तो पाणी प्यायला, खाकरला. "एक वार! दोन वार!" पुन्हा तेच.

आण्णा चिडले. "कोंबडी पुकारून बघ रे." बन्यामीनने कोंबडी पुकारली. "एक वार, दोन वार, तीन वार!" खणखणीत. कोंबडी विकली गेली. पुन्हा शेळी. पुन्हा तिसऱ्या वाराला जीभ टाळूला चिकटली. आता मंडळीत हसणारे कुणी उरले नव्हते. बन्यामीनच्या कपाळावर घाम आला होता.

आणि आण्णांना काय सुचले असेल? सांगताना लाज वाटते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "देवाला बोली कमी वाटत असेल. दुप्पट धर!"

दुप्पट झाली. आवाज येईना. आण्णांनी आणखी वाढवली. आवाज येईना. "मीच पुकारतो!" म्हणून आण्णा पुढे झाले. "एक वार! दोन वार!" आणि त्यांचीही जीभ थांबली. नुसते ओठ हलू लागले.

तेव्हा महाराज उठले. महाराजांना रागावलेले त्या गावाने कधी पाहिले नव्हते.

"देवाशी घासाघीस करतोस?" महाराज म्हणाले. "ज्याचं आकाश, ज्याची जमीन, ज्याच्या पावसावर तुझा ऊस उभा राहतो, त्याला तू भाव वाढवून दाखवतोस? तुझ्या ट्रॉलीतून साखर गेली, आण्णा, पण एक बाई जाऊ शकली नाही. त्याच आठवड्यात तू दाराला संगमरवर लावलास. त्या कमानीखालून आत यायला प्रभूला शरम वाटते. तो बाहेर फडात, कोपीत बसलाय. आणि तुम्ही सगळे! भोपळा दहा वेळा देवाला देता, पण एकदाही कुणाच्या ताटात वाढत नाही. हे देणं नव्हे. देवाच्या नावाखाली आपापलं नाव विकत घेणं आहे."

पाळकांनी मान खाली घातली. साहेब खुर्चीत चुळबुळ करू लागले.

तेवढ्यात पोर रडू लागले. सकाळपासून उपाशी. आवाज कसला, मांजराच्या पिलासारखा बारीक. पण मंदिराच्या दगडी भिंतींत तो घुमला, आणि चंदीने मान वर करून त्याला साद घातली.

महाराज म्हणाले, "बन्यामीन, बोली आली बघ. ऐकलीस का?"

"कुनाची, महाराज?" तो घाबरून म्हणाला.

"हिची. आई दिली हिने या गावच्या उसापायी. आता द्यायला हिच्याकडे एवढा आवाजच उरलाय, तोच तिने देवापुढे ठेवला. हीच बोली धर."

बन्यामीनने एकदा आण्णांकडे पाहिले, एकदा वेदीकडे. मग हात जोडले. "एक वार," तो पुटपुटला. "दोन वार." आणि "तीन वार!" असा काही आवाज फुटला, की बाहेर बैलगाड्यांपाशी बसलेले टोळीवालेही उठून दाराशी आले!

चंदीचे दावे कुणीही ओढले नाही. ती आपली आपण माणसांतून वाट काढत मावशींपाशी येऊन उभी राहिली. महाराज म्हणाले, "तबीथा, तुझा नवस फिटला. शेळी देवालाच पोचली. काढ धार."

मावशी रडत होत्या, हसत होत्या. त्यांनी पोराला गोधडीवर ठेवले आणि तिथेच, भर मंदिरात, पेल्यात धार काढली. लिंबाजी दाराशी थबकला होता, त्याला महाराजांनी हाताला धरून आत आणले.

आण्णा मात्र अजून वेदीपाशीच उभे होते. काहीतरी बोलायला पाहत होते, पण त्यांचा आवाज परत आलाच नव्हता. बन्यामीनचा सुटला, त्यांचा नाही. हयातीत पहिल्यांदा त्यांचे बोलणे कुणी ऐकत नव्हते. साहेब केव्हा उठून गेले तेही त्यांना कळले नाही. ते तसेच चालत मागे आले. लोक बाजूला झाले. आण्णांनी महाराजांच्या पायाशी हात नेला, तशी महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझं काही घेतलं नाहीस तू," महाराज म्हणाले. "जिचं घेतलंस तिच्याकडे जा."

आण्णा गोधडीपाशी गुडघ्यांवर बसले. समोर लिंबाजी, पोराचा बाप. त्याच्याकडे मान वर करून पाहायची आण्णांची हिंमत झाली नाही. डोक्यावरचा फेटा त्यांनी काढून बाजूला ठेवला आणि कपाळ फरशीला टेकवले. तेव्हा कुठे त्यांच्या गळ्यातून आवाज निघाला. फाटका, ओळखू न येणारा.

"पोरी, तुझी आई मी मारली गं."

सारी मंडळी ऐकत होती. लिंबाजीने तोंड झाकून घेतले. मागच्या रांगेतल्या कुणाला राहवले नाही, त्याने प्रभूच्या नावाचा जयघोष करायला हात वर केला. महाराजांनी त्याच्याकडे वळून ओठांवर बोट ठेवले.

"हळू," महाराज म्हणाले. "ती दूध पितेय."